पुसण्याआधी वाचावे : बिल्डच्या तुटलेल्या लिंकांविषयी

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या वाट्याला एक प्रसंग हमखास येतो. बिल्ड पूर्ण झाल्याचा संदेश पडद्यावर आलेला असतो, कुठेही चूक दाखवलेली नसते, आणि तरी तयार झालेला प्रोग्रॅम चालवायला गेले की यंत्र म्हणते, अशी फाइलच नाही. फोल्डर उघडून पाहावे तर फाइलचे नाव समोर दिसते, फक्त ते लाल रंगात असते. लिंक जागेवर आहे, ती जिकडे बोट दाखवते ते जागेवर नाही. यावर पुण्या-मुंबईच्या कुठल्याही ऑफिसात आणि कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये मिळणारा सल्ला ठरलेला आहे : 'क्लीन कर आणि परत बिल्ड मार.' बहुतेक वेळा तो लागू पडतो, आणि लागू पडतो म्हणूनच त्याची झडती कोणी घेत नाही. ही पुस्तिका ती झडती घेण्यासाठी आहे. बिल्डमध्ये कोणाचे कोणाशी बिनसले याचा लेखी पुरावा म्हणजे तुटलेली लिंक, आणि क्लीन करणारा पहिल्याच फटक्यात तो पुरावा नाहीसा करतो, असे माझे म्हणणे आहे. पुढची प्रस्तावना या एकाच म्हणण्याचा विस्तार आहे.

हे म्हणणे कोणासमोर मांडायचे, हेही आधी सांगायला हवे. डोळ्यांसमोर वाचक आहे तो पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतला विद्यार्थी. वावर हे जव्हार तालुक्यातले गाव. बाहेरच्या महाराष्ट्राला ते वावर-वांगणी या जोडनावाने, १९९२-९३ च्या कुपोषणाच्या बातम्यांतून माहीत झाले, आणि त्यानंतर त्याच्याविषयी आणखी काही जाणून घेण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. अशा गावातला मुलगा किंवा मुलगी जुन्या लॅपटॉपवर प्रोग्रॅमिंग शिकायला बसते, तेव्हा समोर येणारे मार्गदर्शन कोणा दुसऱ्यासाठी लिहिलेले असते. त्या दुसऱ्याकडे अखंड वीज आणि न संपणारे इंटरनेट गृहीत धरलेले असते. डोंगरउतारावरच्या पाड्यांत एका घराला रेंज असते आणि दुसऱ्याला नसते, पावसाळ्यात गेलेली वीज कधी येईल ते सांगता येत नाही, आणि मोबाइलच्या पॅकमधला रोजचा दीड-दोन जीबी डेटा हेच पुष्कळांचे सगळे इंटरनेट असते. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. ग्रामपंचायतीच्या कार्यालयापासून पाड्यापर्यंतचे अंतर तिच्या मूळ उद्दिष्टात नव्हते. अँड्रॉइडचे साधे अ‍ॅप बनवायचे म्हटले तरी लागणारी साधने आणि लायब्रऱ्या मिळून हिशेब गिगाबाइटमध्ये जातो. 'सगळे पुसून परत बिल्ड मार' या सल्ल्याची किंमत इथे दोन-तीन दिवसांचा डेटा असू शकते. शहरात जी नुसती सवय वाटते ती इथे खर्चाच्या खात्यावर पडते, आणि खर्च दिसू लागला की सवयीमागचा विचारही तपासून पाहावासा वाटतो.

मुळात बिल्डचे फळ आणि आपल्या हातातला फोल्डर यांच्यामध्ये लिंक आली कुठून? बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये 'मेक' हे बिल्डचे साधन लिहिले, तेव्हा मूळ फाइल आणि तिच्यापासून झालेली फाइल साधारणपणे शेजारी शेजारी राहत. पुढे एकाच मूळ फाइलीपासून चाचणीची आवृत्ती, वितरणाची आवृत्ती, या प्रोसेसरची, त्या प्रोसेसरची अशी अनेक फळे निघू लागली. ती एकमेकांत मिसळू नयेत म्हणून आउटपुट प्रकल्पाच्या फोल्डरबाहेर, एखाद्या लपलेल्या कॅशेमध्ये ठेवण्याची पद्धत पडली. तिथले मार्ग यंत्राला सोयीचे आणि माणसाला सहज वाचता येणार नाहीत असे असतात. म्हणून बिल्डचे साधन प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये एक सुटसुटीत नाव ठेवून देते आणि ते नाव त्या लांबलचक मार्गाकडे वळवते. हे वळवणे ज्या सोयीने होते ती सिंबॉलिक लिंक, बोलीत सिमलिंक, १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत आली. तिची रचना इतकी साधी आहे की तिच्याबद्दल गैरसमज व्हावा याचेच आश्चर्य वाटते. सिमलिंकच्या पोटात दुसरी फाइल नसते, तिचा पत्ताही पडताळलेला नसतो. असतो तो फक्त मजकूर : एका मार्गाची अक्षरे. लिंक बनवताना त्या मार्गावर काही आहे का, हे ऑपरेटिंग सिस्टिम विचारतसुद्धा नाही. अस्तित्वात नसलेल्या जागेकडे जाणारी लिंक बिनतक्रार बनते, आणि असलेली जागा नंतर नाहीशी झाली तरी लिंकमधले एक अक्षर बदलत नाही.

या साधेपणातूनच माझ्या म्हणण्याचा पाया तयार होतो. लिंक लिहिणारा आणि लिंकेच्या टोकाची वस्तू सांभाळणारा हे बिल्डच्या व्यवस्थेत सहसा दोन वेगळे प्रोग्रॅम असतात. एकाने लिहून ठेवले, दुसऱ्याने वस्तू हलवली, पुसली किंवा दुसऱ्या नावाने ठेवली, आणि पहिल्याला कळवले नाही. दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाच्या नावाने पत्र आले, तर पत्ता बरोबर असतो, घरही असते, माणसे नसतात. त्या पत्रावर पोस्टमन 'पत्ता चुकीचा' असा शेरा मारू लागला तर जे होईल तेच संगणकाच्या संदेशात होते. युनिक्सच्या घराण्यातल्या सिस्टिम तुटलेल्या लिंकेवर 'अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही' एवढेच म्हणतात, आणि नाव घेतात ते लिंकेचे, टोकाचे नाही. वाचणारा मग लिंक शोधायला निघतो. ती तर समोरच असते. टोकाची फाइल पुसली गेली असो, टोकाकडे जाणाऱ्या मार्गातला मधलाच एखादा फोल्डर हलला असो, वा ज्या डिस्कवर ती होती ती डिस्क जोडलेलीच नसो, वाक्य तेच. इतकेच काय, फाइल जागेवर आहे, लिंक धड आहे, पण तो प्रोग्रॅम चालवायला लागणारा लोडर यंत्रावर नाही, तरीही लिनक्सवर पुष्कळदा याच शब्दांत उत्तर मिळते. दोन लिंका एकमेकींकडे बोट दाखवत बसल्या तरच वेगळा संदेश मिळतो, कारण लिनक्स एका मार्गात ४० लिंकांपुढे जात नाही. एकाच संदेशाआड इतके वेगवेगळे दोष लपतात, आणि क्लीन त्या सगळ्यांवर एकच औषध देते.

दोन पक्षांमधले हे बिनसणे कसे असते ते निक्स या साधनात सगळ्यांत स्पष्ट दिसते, म्हणून तिथे थोडे थांबतो. एल्को डोल्स्ट्रा यांच्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या २००६ च्या प्रबंधातून पुढे आलेली ही व्यवस्था प्रत्येक बिल्डचे फळ एका सामाईक कोठारात ठेवते आणि तुमच्या फोल्डरमध्ये 'रिझल्ट' नावाची लिंक ठेवते. कोठार भरत जाते, म्हणून अधूनमधून झाडलोट करावी लागते. झाडताना काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ठरवण्यासाठी निक्स आपल्याकडे उलट दिशेची नोंद ठेवते : अमुक फोल्डरमध्ये अमुक नावाची लिंक आहे, ती असेपर्यंत तिच्या टोकाला हात लावायचा नाही. आता एखाद्याने 'रिझल्ट' हे नाव बदलून 'जुना-रिझल्ट' केले, किंवा सगळा प्रकल्प दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला. लिंक अजून चालते आहे, काहीच बिघडलेले नाही. पण निक्सच्या नोंदीतल्या जागी आता लिंक नाही. पुढची झाडलोट झाली की कोठारातले फळ कचरा म्हणून जाते, आणि काल चालणारी लिंक आज तुटते. नाव बदलणे सोमवारचे, झाडलोट गुरुवारची, तुटणे शुक्रवारी लक्षात आलेले. ज्याने परत बिल्ड करून काम भागवले त्याला कारण कळले नाही, आणि तो पुन्हा नाव बदलील तेव्हा पुन्हा हेच होईल. ज्याने तुटलेली लिंक पुसण्याआधी तिच्या पोटातला मार्ग वाचला त्याला तो मार्ग कोठाराकडे जाताना दिसतो. कोठारात ती वस्तू नाही एवढे पाहिले की झाडलोट केव्हा झाली हा पुढचा प्रश्न आपोआप सुचतो.

गूगलच्या आतल्या ब्लेझ या साधनाचे २०१५ मध्ये खुले झालेले रूप म्हणजे बाझेल. तिथले बिनसणे वेगळ्या तऱ्हेचे आहे. बाझेल प्रकल्पाच्या मुळाशी 'बाझेल-बिन', 'बाझेल-आउट' अशा लिंका ठेवते, आणि त्यांची टोके घरच्या कॅशे फोल्डरमध्ये, प्रकल्पाच्या मार्गावरून काढलेल्या एमडी५ सांकेतिक नावाखाली असतात. प्रकल्प हलवला की सांकेतिक नाव बदलते आणि पुढचा बिल्ड नव्या जागी सुरुवात करतो. जुनी जागा तशीच राहून डिस्क अडवते. ती मोकळी करायला कोणी कॅशे हाताने पुसली तर हललेल्या प्रकल्पातल्या जुन्या लिंका लटकतात. याहून फसवी गोष्ट अशी की 'बाझेल-बिन' शेवटच्या बिल्डच्या प्रकारामागे जाते. चाचणीचा बिल्ड केला तर एकीकडे, वितरणाचा केला तर दुसरीकडे. मधल्या काळात कोणी दुसऱ्या प्रकारचा बिल्ड केला असेल, तर लिंक धड असूनही तिच्या आत आपल्याला हवी ती फाइल नसते. हा दोष तुटण्याचा नसून वळण्याचा आहे. क्लीनने तो जातो, कारण आपण क्लीननंतर आपल्याच प्रकारचा बिल्ड करतो. म्हणजे काम करते ते दुसरे पाऊल आणि श्रेय मिळते पहिल्याला. बाझेल बनवणाऱ्यांची स्वतःची भूमिका इथे लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांच्या दस्तऐवजात असे स्पष्ट सांगितले आहे की क्लीन हा आदेश मुख्यतः डिस्कवरची जागा मोकळी करण्यासाठी आहे, आणि फक्त बदललेल्या भागांपुरत्या केलेल्या बिल्डचा निकाल चुकीचा आला तर क्लीन करून गप्प बसण्यापेक्षा तो दोष कळवावा. साधन बनवणारा ज्याला दोष म्हणतो, त्याला साधन वापरणारा नशीब म्हणतो आणि पुढे जातो.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप वेळेचा आहे. कारण शोधायला तास लागतो, क्लीनला दहा मिनिटे, मग तास का घालवायचा? एकाच वेळेचा हिशेब असता तर हा आक्षेप मी मान्य केला असता. पण पुष्कळ तुटलेल्या लिंका अशा असतात की क्लीन त्यांना शिवतसुद्धा नाही. विंडोजवर सिमलिंक २००७ च्या व्हिस्टापासून आहेत, पण त्या बनवायला बराच काळ प्रशासकाचे अधिकार लागत. विंडोज १० च्या २०१७ च्या एका आवृत्तीत डेव्हलपर मोड चालू केला तर ती अट सुटली. हे अधिकार नसतील तर गिट हे आवृत्त्या सांभाळणारे साधन लिंकेच्या जागी एक साधी टेक्स्ट फाइल ठेवते आणि त्या फाइलीत लिंकेचा मार्ग लिहिलेला असतो. कंपायलर ती उघडतो आणि प्रोग्रॅमच्या जागी एक ओळभर मार्ग वाचून भलतीच तक्रार करतो. इथे शंभर वेळा क्लीन केले तरी काही होत नाही, कारण लिंक बिल्डने बनवलेलीच नाही. दुसरे उदाहरण कंटेनरचे. कंटेनरच्या आत चाललेला बिल्ड आतल्या मुळापासूनचा पूर्ण मार्ग लिंकेत लिहितो. बाहेरच्या यंत्रावर तो मार्ग नसतो. आत लिंक चालते, बाहेर तुटते, आणि प्रत्येक नवा बिल्ड तीच चूक इमानेइतबारे पुन्हा लिहितो. लिंकेतला मार्ग वाचायला मात्र काही सेकंद पुरतात. 'एलएस' आदेशाची लांब यादी बाणाच्या पुढे तो मार्ग दाखवते, 'रीडलिंक' तोच स्वतंत्र छापतो, आणि 'नेमआय' मार्गातली एकेक पायरी सुटी करून कुठल्या पायरीवर वाट संपली ते दाखवतो. तास लागतो असे जो म्हणतो त्याने हे तीन आदेश बहुधा वापरलेले नसतात.

शहरातल्या मार्गदर्शनात जवळपास कधीच न येणारा एक भाग इथे विस्ताराने यायला हवा. नेट नसले की प्रकल्प पेन ड्राइव्हवरून प्रवास करतात. जव्हारच्या कॉलेजमधून मोखाड्याच्या घरी, एका मित्राच्या लॅपटॉपवरून दुसऱ्याच्या लॅपटॉपवर, हाच खरा मार्ग असतो. बाजारात मिळणारे पेन ड्राइव्ह बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने तयार केलेले असतात, आणि या दोन्ही पद्धतींत सिमलिंक नावाची गोष्टच नाही. लिनक्सवरून प्रकल्पाचा फोल्डर सरळ कॉपी केला तर लिंकांच्या ठिकाणी नकार मिळतो. घाईत तो वाचला जात नाही, आणि घरी पोहोचल्यावर प्रकल्पात भोके दिसतात. लिंकेऐवजी टोकाची फाइलच उचलणारा पर्याय वापरला तर भोके पडत नाहीत, पण एकाच फाइलीच्या दोन-तीन सुट्या प्रती होतात आणि त्या पुढे स्वतंत्रपणे जुन्या होत जातात. झिप बनवतानाही साधारण हेच होते, कारण वेगळे सांगितल्याशिवाय झिप लिंकेचा पाठलाग करून टोकाची फाइल भरते. टार मात्र लिंकेला लिंक म्हणूनच बांधते, आणि बांधलेले गाठोडे एकच फाइल असल्यामुळे पेन ड्राइव्हची पद्धत आड येत नाही. फक्त फॅट३२ वर एका फाइलीला चार जीबीची मर्यादा आहे, तेवढे ध्यानात ठेवावे. एवढे करूनही लिंकेत पूर्ण मार्ग असेल तर तो पहिल्या मित्राच्या घरच्या फोल्डरच्या नावाने सुरू होतो, आणि दुसऱ्याच्या यंत्रावर त्या नावाचा वापरकर्ता नसतो. म्हणून प्रवास करणाऱ्या प्रकल्पात लिंकेतला मार्ग लिंकेच्याच जागेपासून मोजलेला, म्हणजे सापेक्ष असावा. इथेही एक खोच आहे. सापेक्ष मार्ग लिंक ज्या फोल्डरमध्ये आहे तिथून मोजला जातो, आदेश देताना आपण ज्या फोल्डरमध्ये उभे असतो तिथून नाही. नवशिक्यांच्या तुटलेल्या लिंकांपैकी पुष्कळ या एका गैरसमजातून आलेल्या असतात. या परिच्छेदातल्या एकाही दोषावर 'परत डाउनलोड कर' हे उत्तर नाही, कारण दोष प्रवासात आहे, आणि पुढच्या प्रवासात तो परत होणार आहे.

दुसरा आक्षेप अधिक हुशार आहे. लिंका इतक्या तकलादू असतील तर त्या ठेवायच्याच कशाला? बिल्डचे फळ सरळ कॉपी करून प्रकल्पात आणून ठेवावे, तुटण्याचा प्रश्नच नको. या आक्षेपाला मेकच्याच जन्मकथेत उत्तर आहे. फेल्डमन यांनी सांगितले आहे की त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांची एक अख्खी सकाळ बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात गेली. चूक दुरुस्त झालेली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल झालेली नव्हती, आणि जुनेच फळ जोडले जात होते. त्या चडफडीतून मेकची कल्पना निघाली. म्हणजे बिल्डची साधने जन्माला आली तीच शिळ्या प्रतीच्या त्रासातून. कॉपी केलेले फळ शिळे झाले तरी ताज्यासारखेच दिसते, चालतेही, आणि चुकीचे उत्तर देते. तुटलेली लिंक निदान चालत नाही. न चालणे हा तिचा प्रामाणिकपणा आहे, आणि त्या गुणावर कॉपीचा उतारा म्हणजे ताप मोजणारे यंत्रच फेकून देणे होईल.

मराठी वापरणाऱ्याला या प्रामाणिकपणाची गरज इतरांहून जास्त आहे, हे पुढच्या दोन उदाहरणांवरून दिसेल. लिनक्सवरच्या बहुतेक मुक्त सॉफ्टवेअरचे मराठी रूप गेटटेक्स्ट या व्यवस्थेवर चालते. भाषांतरकार वाक्यांची फाइल लिहितो, बिल्डमध्ये तिची यंत्राला वाचता येणारी फाइल होते, आणि ती 'एमआर' या भाषासंकेताच्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. ती फाइल वा तिच्याकडची लिंक नसेल, तर गेटटेक्स्ट तक्रार करत नाही. ते मूळ वाक्य, म्हणजे बहुधा इंग्रजी, तसेच दाखवते. फाँटचेही तसेच. रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त केलेल्या लोहित मालिकेत देवनागरीचा फाँट आहे. कुठल्या लिपीला कोणता फाँट आधी द्यायचा याचे नियम फाँटकॉन्फिग ही व्यवस्था एका फोल्डरमधून वाचते, आणि त्या फोल्डरमध्ये बहुतांशी असतात त्या सिमलिंकाच. मूळ नियमांची जागा पूर्वी प्रणालीच्या सेटिंगांच्या फोल्डरमध्ये होती, नंतर ती सामाईक फायलींच्या फोल्डरमध्ये नेली गेली. हाताने केलेली एखादी जुनी लिंक मागे राहिली असेल तर ती लटकते, तो नियम गळतो, आणि मराठी मजकूर हाताला लागेल त्या दुसऱ्या फाँटमध्ये उमटतो. दोन्ही ठिकाणी प्रोग्रॅम चालू राहतो. इंग्रजी वापरणाऱ्या डेव्हलपरच्या पडद्यावर काहीच बदललेले नसते, त्यामुळे त्याच्या दृष्टीने दोषच नाही. अशा दोषाची बातमी मराठी वापरणाऱ्यानेच द्यायची असते, आणि 'मराठी दिसत नाही' यापेक्षा 'अमुक लिंक अमुक मार्गाकडे जाते आणि तिथे काही नाही' असे लिहिलेली बातमी दुरुस्त होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

तिसरा आक्षेप असा येतो की नवी साधने येत आहेत, बिल्ड दूरच्या सर्व्हरवर होतील, आपल्या यंत्रावर लिंका उरणारच नाहीत. उरणार नाहीत हे खरे नाही, त्या दूर जातील. जेनकिन्स या स्वयंचलित बिल्डच्या साधनाच्या जुन्या आवृत्त्यांत शेवटच्या यशस्वी बिल्डकडे जाणारी सिमलिंक सर्व्हरच्या डिस्कवर असे. गिटहबवर स्वयंचलित बिल्डची फळे वेगळे काही सांगितले नाही तर ९० दिवस ठेवली जातात, आणि त्यानंतर त्यांच्याकडे जाणारा प्रत्येक वेबपत्ता निकामी होतो. जावाच्या जगात जेसेंटर हे लायब्रऱ्यांचे कोठार बंद करण्याची घोषणा २०२१ च्या फेब्रुवारीत झाली, आणि त्याचा पत्ता लिहून ठेवलेल्या असंख्य अँड्रॉइड प्रकल्पांना बदल करावे लागले. लिहिणारा एक, सांभाळणारा दुसरा, आणि दोघांत करार नाही, हीच स्थिती मोठ्या प्रमाणावर. तिथे तर आपल्या हातात पुसण्यासारखेही काही नसते, वाचणे एवढेच असते. आणि वाचायला शिकण्याची स्वस्त जागा आपली स्वतःची डिस्क आहे.

क्लीन कधीच करू नये असे मात्र मी म्हणत नाही. डिस्क भरली, कंपायलर बदलला आणि साधनाला तो बदल कळत नाही हे ठाऊक आहे, वीज अचानक गेल्यामुळे कॅशेमधल्या फाइली अर्धवट लिहिल्या गेल्याची शंका आहे, अशा वेळी पुसणेच योग्य. जव्हारच्या पावसाळ्यात यातले शेवटचे कारण वारंवार येईल. फरक इतकाच की या सगळ्या ठिकाणी पुसणाऱ्याला कारण सांगता येते. कारण सांगता येत नसेल तर पुसण्याआधी लिंकेतला मार्ग, तो संपतो ती पायरी, आणि त्या टोकाच्या फोल्डरची मालकी कोणत्या साधनाकडे आहे ते वहीत उतरवून घ्यावे. आणि पुसायचेच झाले तर आउटपुट पुसावे, डाउनलोड केलेल्या लायब्रऱ्यांची कॅशे ठेवावी. बहुतेक साधनांत या दोन जागा वेगळ्या असतात, पण सल्ला देणारे सगळेच एका झाडूने झाडायला सांगतात. बाझेलमध्ये नुसते क्लीन आणि एक्सपंज या पर्यायासह केलेले क्लीन यांत हाच फरक आहे : पहिले बिल्डची फळे टाकते, दुसरे त्या प्रकल्पाचा सगळा संसारच उचलते. ज्याला डाउनलोड फुकट आहे त्याला हा फरक शिकण्याची निकड नसते.

पुस्तिकेची रचना वाचकाने जाणून घ्यावी. पहिल्या दोन प्रकरणांत कुठलेही बिल्डचे साधन नाही, फक्त फोल्डर, फाइली आणि लिंका आहेत. मुद्दाम लिंक तोडायची, संदेश वाचायचा, टोक शोधायचे, असे सराव तिथे आहेत. त्यानंतर मेक येते, आणि निक्स व बाझेल सगळ्यांत शेवटी. ज्यांच्याकडे ती साधने उतरवून घेण्याइतका डेटा नाही त्यांनी शेवटची प्रकरणे नुसती वाचली तरी चालेल. विंडोज वापरणाऱ्यांनी पेन ड्राइव्हचे प्रकरण आधी वाचावे. पहिल्या दोन प्रकरणांतले सगळे सराव कुठल्याही लिनक्स यंत्रावर, इंटरनेट न जोडता, वीज जाण्याआधीच्या अर्ध्या तासात करता येतात.